डाग चिखलाचा, पक्का आपण केलेला

धानाची रोवणी सुरू झाली की भंडारा जिल्ह्यातल्या धुण्याच्या बादलीचा रंग बदलतो. पवनी-लाखांदूरच्या चौरास पट्ट्यातली काळी कन्हार, डोंगरपायथ्याची तांबडी बरडी, धानाच्या बांधीतली पिवळसर सिहार आणि पांदण रस्त्यावरचा कसलाही मिसळलेला राडा, सगळे धोतर, लुगडे, पँट आणि शाळेच्या पांढऱ्या शर्टावरून मोरीत येऊन पोचते. मग घरोघरी तोच कार्यक्रम. डागावर साबणाची वडी चोळायची, ब्रशने खरवडायचे, नाही निघाला तर ब्लीच ओतायचे आणि शेवटी ‘चिखलाचा डाग निघतच नाही’ म्हणून तो शर्ट रोजच्या वापरात टाकायचा. या लेखाचे म्हणणे असे की चिखलाचा डाग मुळात फार कच्चा असतो. हळद, चहा, रक्त यांच्या तुलनेत तर तो अगदीच दुबळा. त्याला पक्का करतो तो आपला उतावळेपणा आणि सगळ्या चिखलांना एकच औषध लावण्याची सवय. कोणत्या मातीत काय पेरायचे हे जो शेतकरी तिचे नाव घेऊन ठरवतो, त्याने कपडा धुतानाही तेच नाव आठवावे. तो कपडा वाळू द्यायचा की लगेच पाण्यात टाकायचा, सोडा लावायचा की लिंबू, याचे बरेचसे उत्तर त्या नावातच असते.

आधी चिखल कापडात अडकतो कसा ते पाहू. माती म्हणजे वेगवेगळ्या मापाच्या कणांचे मिश्रण. त्यातली बहुतेक रेती झटकली की पडते. त्रास देते ती चिकणमाती, कारण तिचा कण 0.002 मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. सुताचा एकेक तंतू साधारण 0.012 ते 0.02 मिलिमीटर जाडीचा, म्हणजे त्या कणापुढे अजस्रच. शिवाय तो गुळगुळीत नसतो. पीळ पडलेल्या चपट्या फितीसारखा असतो आणि असे शेकडो तंतू वळून एक धागा होतो. त्या पिळाच्या खाचांत चिकणमातीचे चपटे कण जाऊन बसतात. इथे लक्षात ठेवायची गोष्ट ही की ते तिथे बसतात, रंगासारखे मुरत नाहीत. हळदीचा रंग धाग्याला धरून राहतो, माती फक्त फटीत शिरते. म्हणून टेरिकॉटच्या गणवेशावरचा चिखल सुती बनियनपेक्षा लवकर सुटतो. तिथे बरेचसे तंतू गुळगुळीत असतात आणि कणाला दडायला जागा कमी मिळते. डाग फटीत अडकला असेल तर त्याला बाहेर येण्याची वाट द्यायला हवी. आपण ओल्या डागावर ब्रश घासतो तेव्हा नेमके उलटे घडते. पाण्याने फुगलेल्या धाग्यांत तो बारीक कण आणखी खोल ढकलला जातो आणि रुपयाएवढा शिंतोडा तळहाताएवढा होतो.

म्हणून पहिला नियम शिंतोड्यांसाठी. दुचाकीच्या मागच्या चाकाने पाठीवर उडवलेला किंवा रस्त्यावरून चालताना पायघोळ कपड्यावर आलेला चिखल ओला असताना त्याला हात लावू नका. वर गोळा बसला असेल तर चमच्याच्या कडेने किंवा पोस्टकार्डासारख्या जाड कागदाने अलगद उचलून घ्या, पुसू मात्र नका. मग कपडा सावलीत, हवेशीर जागी पसरून वाळू द्या. वाळताना चिकणमाती आक्रसते. उन्हाळ्यात कन्हारीच्या शेताला ज्या भेगा पडतात, त्याच भेगा त्या शिंतोड्यालाही पडतात आणि त्याची धाग्यावरची पकड सुटते. पूर्ण वाळल्यावर कपडा अंगणात नेऊन उलट बाजूने टिचक्या मारा, झटका, मग मऊ कोरड्या ब्रशने एकाच दिशेने झाडा. शिंतोड्याचा बराचसा भाग पाण्याचा थेंबही न लावता इथेच निघून जातो. उरते ती फिकट छाया. तिच्यावर कापडाच्या उलट बाजूने नळाची धार धरा, म्हणजे कण ज्या वाटेने आत गेले त्याच वाटेने बाहेर ढकलले जातील. साबणाचा क्रमांक त्यानंतर लागतो.

यावर घरातली जाणती माणसे लगेच म्हणतील की डाग वाळला की पक्का होतो, तो ओला असतानाच धुवावा. हे म्हणणे खोटे नाही, फक्त ते दुसऱ्या डागांबद्दलचे आहे. चहा, रक्त, दूध, वरणाचे पिवळे पाणी यांत रंग किंवा प्रथिने असतात. ती वाळताना आणि तापताना धाग्याला घट्ट धरतात, म्हणून तिथे घाई हवीच. उघड्या रस्त्यावरच्या मातीत असे धरून ठेवणारे फारसे काही नसते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. श्रावणात सलग चार दिवस ऊन नसते, कपडा वाळायला ठेवला तर त्याला कुबट वास येतो आणि बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते ठिपके चिखलापेक्षा कितीतरी हट्टी असतात. म्हणून वाळू देणे याचा अर्थ बोचके करून कोपऱ्यात टाकणे असा घेऊ नये. पंख्याखाली दोरीवर पसरलेला शर्ट एका रात्रीत वाळला तर ठीक. सकाळपर्यंत ओलाच राहिला तर वाट पाहू नका. न घासता, उलट बाजूने धार सोडून तो धुऊन टाका. घासणे टाळले तरी निम्मे नुकसान टळते.

आता या नियमाचा अपवाद, आणि धानपट्ट्यात तो नियमापेक्षा मोठा आहे. बांधीतल्या चिखलाचा कपडा वाळू देऊ नये. याचे कारण त्या चिखलात साचलेल्या पाण्यात आहे. चिखलणी झालेल्या बांधीत पाणी उभे राहिले की थोड्याच दिवसांत मातीतली हवा संपते. मातीतले लोह एरवी गंजाच्या रूपात, न विरघळणारे असते. हवा संपल्यावर तिथले सूक्ष्मजीव त्याचे पाण्यात विरघळणाऱ्या रूपात परिवर्तन करतात. बांधीचा चिखल खालून निळसर-करडा दिसतो तो त्यामुळेच. धानाचे रोप उपटून पाहिले तर मुळांवर तांबूस लेप दिसतो, कारण मुळांतून येणारी हवा लागून तेच लोह पुन्हा गंजते. धुऱ्यातून पाझरणाऱ्या पाण्यावर जी तांबडी साय धरते तीही हीच. अशा पाण्याने भिजलेला कपडा वाळवला तर धाग्याच्या आत शिरलेले लोह तिथेच गंजते. कपडा बांधीतून आला तेव्हा काळा होता, धुतल्यावर स्वच्छ दिसला आणि दोन धुण्यांनी पिवळा पडला, या तक्रारीमागे बहुतेकदा हीच गोष्ट असते. तेव्हा खूण सोपी ठेवावी. माती उघड्या रस्त्यावरची असेल तर वाळू द्या. पाणी साचलेल्या बांधीतली, बोडीतली किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या गाळातली असेल तर वाळण्याआधी पाण्यात टाका.

रोवणीहून आल्यावर हे जमायचे कसे? सकाळपासून वाकून पऱ्हे लावलेल्या बाईने संध्याकाळी धुणे कुठून काढायचे, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की तेव्हा धुवायची गरजच नाही, फक्त बुडवायची आहे. घराच्या बाहेर एक जुना ड्रम किंवा मोठे घमेले साध्या पाण्याने भरून ठेवावे आणि कपडे उतरवले की साबणाशिवाय त्यात सोडून द्यावेत. थोड्या वेळाने हलवून ते गढूळ पाणी परसात ओतावे, दुसरे पाणी घ्यावे, जमल्यास तिसरे. पाणी साधारण नितळ दिसू लागले की माती गेली आणि विरघळलेले लोहही बरेच गेले असे समजावे. साबण दुसऱ्या दिवशी लावला तरी चालेल, पण रात्रभर कपडा मातीच्या पाण्यात मात्र राहू देऊ नये. हातापायाला चीर किंवा जखम असेल तर हे करताना रबरी हातमोजे घालावेत. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार जखमेवाटे शिरू शकतो. यंत्रात धुणाऱ्यांनीही हे पहिले पाणी बाहेरच काढावे. चिखलाचा कपडा थेट यंत्रात गेला की माती त्याच पाण्यात फिरत राहते आणि एका पँटचा डाग सगळ्या धुण्यावर करडेपणा होऊन उतरतो.

साबण आधी का नको, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. पाण्यात सुती धागा आणि चिकणमातीचा कण या दोघांवरही ऋण विद्युतभार असतो, म्हणजे ते एकमेकांना दूर लोटायलाच हवेत. त्यांची जोडी जमवतो तो जड पाण्यातला चुना. विहिरीच्या किंवा बोअरच्या ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यातले कॅल्शियम धागा आणि माती यांच्यामध्ये पूल बांधते. वर वडीचा साबण घासला तर तो त्याच कॅल्शियमशी मिळून चिकट साका करतो आणि माती त्या साक्यात लिंपली जाते. धुण्याचा सोडा हा पूल तोडतो. तो चुन्याला आपल्याकडे ओढतो आणि मातीच्या कणांना एकमेकांपासून सोडवून पाण्यात तरंगत ठेवतो. याचा पुरावा भलत्याच ठिकाणी मिळतो. चिनी मातीची भांडी साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांत मातीच्या घट्ट रबडीत चिमूटभर सोडियमचे क्षार घालतात आणि ती जास्त पाणी न घालताच पातळ होते. मातीचे कण सुटे करून मोजण्यासाठी प्रयोगशाळेतही सोडियमचेच क्षार वापरतात. तेव्हा साध्या पाण्याने माती निघाली की दहा लिटरच्या बादलीत दोन सपाट चमचे धुण्याचा सोडा विरघळवून सुती कपडा अर्धा-पाऊण तास भिजवावा, मग पावडर किंवा साबण लावावा. घासायची वेळ आता आली, आणि आता फार घासावे लागत नाही. पावसाळ्यात नळाला किंवा विहिरीला गढूळ पाणी येत असेल तर त्यात तुरटी फिरवून रात्रभर ठेवावे आणि वरचे नितळ पाणी धुण्याला घ्यावे. तुरटी कपडे भिजवलेल्या बादलीत मात्र टाकू नये. ती कणांचे पुंजके करून खाली बसवते, आणि खाली आपले कपडे असतात.

एवढे करूनही बरडीचा तांबडा डाग किंवा बांधीचा पिवळा डाग राहिलाच, तर समजावे की माती गेली आहे आणि गंज उरला आहे. गंजावर साबण आणि सोडा दोन्ही निरुपयोगी, तिथे आंबट लागते. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यात हे वेगळे शिकवायला नको. काळवंडलेली घागर चिंचेने उजळते, कारण आम्ल धातूवरचा गंजाचा थर विरघळवते. कापडावरच्या लोहाच्या गंजालाही हाच न्याय लागू आहे, फक्त चिंच नको. तिचा स्वतःचा तपकिरी रंग कापडाला लागतो. पांढऱ्या सुती कपड्यावर लिंबाचा रस आणि मीठ लावून तासभर उन्हात ठेवावे. लिंबातल्या आम्लाने धरलेले लोह उन्हात जास्त सहज सुटते. डाग मोठा असेल तर किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, एक लिटर कोमट पाण्याला एक लहान चमचा, या प्रमाणात घेऊन कपडा अर्धा तास बुडवावा. रंगीत कपड्यावर आधी शिवणीच्या आतल्या बाजूला थेंब लावून रंग उडत नाही ना ते पाहावे आणि त्याला उन्हात ठेवू नये. यानंतर दोन-तीन पाण्यांत नीट खळबळून मगच साबण लावावा. आम्ल आणि विरघळलेले लोह कापडात असतानाच साबण-सोडा लावला तर लोह पुन्हा धाग्यावर बसते आणि केलेली मेहनत वाया जाते. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मॅंगनीजच्या खाणी आहेत. तिथल्या काळ्या चिखलावर लिंबू पुरे पडत नाही. मॅंगनीजच्या काळ्या ऑक्साइडला उतरवायला ऑक्झॅलिक आम्ल लागते. ते विषारी असते, म्हणून ते हातमोजे घालून, प्लास्टिकच्या टबात, मुलांपासून दूर वापरावे किंवा सरळ जाणत्या लाँड्रीवाल्यावर सोपवावे.

ब्लीचबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण सगळ्यात जास्त कपडे त्यानेच बिघडतात. ब्लीच रंगाचे ऑक्सिडीकरण करून तो घालवते. गंजाचे ऑक्सिडीकरण आधीच झालेले असते, त्यामुळे त्याच्यावर ब्लीचची मात्रा चालत नाही. उलट बांधीच्या चिखलातले अजून विरघळलेले लोह ब्लीच लागताच गंजते आणि पुढच्या महिन्यात येणारा पिवळेपणा त्याच दिवशी येतो. यावर पुराचा दाखला दिला जाईल. ऑगस्ट 2020च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला आणि भंडारा शहरासह काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा पाण्यात गटारे मिसळलेली असतात, मग त्या चिखलाचे कपडे जंतुनाशकाशिवाय कसे वापरायचे? आक्षेप खरा आहे. त्याचे उत्तर क्रमात आहे. जलशुद्धीकरण केंद्रात गढूळ पाण्यात आधी तुरटी घालून गाळ बसवतात, गाळतात आणि मग क्लोरीन सोडतात, कारण गाळातला सेंद्रिय मळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. कपड्यांचेही तसेच. पुराचा चिखल आधी पाण्याने, मग सोड्याने आणि साबणाने पूर्ण काढावा. त्यानंतर पांढऱ्या सुती कपड्यांना शेवटच्या पाण्यात पातळ ब्लीच चालेल. बाकी सुती कपडे कडक गरम पाण्यातून काढून उन्हात खडखडीत वाळवावेत. ब्लीच आणि लिंबू, ब्लीच आणि संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो आणि बंद मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो.

चिखल खरोखर पक्का कधी होतो, हे ज्यांनी तो मुद्दाम पक्का केला त्यांच्याकडून शिकावे. जपानच्या अमामी बेटावर रेशमी धागा एका झाडाच्या टॅनिनयुक्त काढ्यात बुचकळून मग लोहाने भरलेल्या चिखलात बुडवतात आणि हे पुन्हा पुन्हा करून खोल काळा रंग मिळवतात. आफ्रिकेतल्या माली देशात पानांच्या काढ्यात रंगवलेल्या सुती कापडावर आंबवलेल्या चिखलाने नक्षी काढतात. तीही धुण्याने जात नाही. दोन्हीकडे एकटा चिखल पुरत नाही, तुरट रसाची सोबत लागते. टॅनिन आणि लोह भेटले की धाग्यातच शाई तयार होते. आपल्याकडे ही भेट नकळत होते. चहाचा कप सांडलेला कपडा बांधीत जातो, हिरडा-बेहडा वेचताना किंवा ओली साल सोलताना घातलेला सदरा चिखलात लोळतो आणि खर्‍र्‍याचे डाग पडलेला खिसा तर रोजचाच. सुपारीत टॅनिन भरपूर असते. कुजलेल्या पाल्याच्या तलावातला गाळ पांढऱ्या कपड्यावर करडा राहतो, त्यालाही हा संशय धरावा. तेव्हा चहा-सुपारीचे डाग रोवणीला जाण्याआधी धुऊन काढावेत. अशा दुहेरी डागावर सोडा लावला तर तो गडद होण्याचा संभव असतो. तिथे आधी लिंबूसत्त्वाचे पाणी आणि नंतर साबण, असा क्रम उलटा करावा.

कोशाचे कापड या सगळ्याला अपवाद धरावे. मोहाडी-आंधळगावकडे विणला जाणारा कोसा म्हणजे रेशीम, आणि रेशीम म्हणजे प्रथिन. सोड्याने त्याची चमक जाते आणि क्लोरीनच्या ब्लीचने धागाच खाल्ला जातो. कोशाच्या साडीवर शिंतोडे उडाले तर इथे फक्त पहिला नियम पाळावा. पूर्ण वाळू द्यावे, मऊ ब्रशने झाडावे आणि उरलेली छाया रिठ्याच्या गार पाण्याने, न चोळता, कापसाने टिपून काढावी. पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी निथळवावे आणि सावलीत वाळवावे. आणि कापड कोणतेही असो, डाग गेल्याची दिवसाच्या उजेडात खात्री केल्याशिवाय इस्त्री फिरवू नये. बांधीच्या चिखलात माती आणि लोह असते तसे शेणखतही असते. त्याचा उरलेला अंश गरम इस्त्रीखाली भाजून बसतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यात जुना आहे. कामाचे कपडे मळणारच, बांधीत घालायच्या लुगड्याचा डाग काढण्यात कशाला वेळ घालवायचा? छाया राहिली तर राहू द्यावी, हे मान्य. गडद रंगाचा एक जोड फक्त रोवणीसाठी ठेवणे हे तर शहाणपणच. मात्र छाया आणि माती यांत फरक करावा. छाया नुसती दिसते, माती कापड कापते. धाग्याच्या पिळात राहिलेला बारीक वाळूचा कण पोलादाच्या पात्यालाही ओरखडा पाडण्याइतका कठीण असतो. गुडघा वाकला, कंबर वाकली की तो सुताला आतून कातरत राहतो. म्हणून कामाची पँट आधी गुडघ्यावर आणि बुडावर विरते. लिंबू, लिंबूसत्त्व, ब्लीच यांपैकी काहीच त्या कपड्याला लागणार नाही. त्याला रोज संध्याकाळी साध्या पाण्याची तीन बुडवणी तेवढी लागतात. रोवणीचे दिवस संपेपर्यंत दाराबाहेरचा तो ड्रम भरलेला ठेवला, तर तेच लुगडे धान कापणीलाही नेसता येईल.